सापाचे कूळ मात्र विचारावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. सापाच्या बाबतीत हा सल्ला पाळून चालत नाही. मृग लागला, शेतीची कामे सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. रुग्णाबरोबर आलेल्यांपैकी कुणाच्या तरी हातात गोणीत गुंडाळलेला मेलेला साप असतो. साप नसला तर निदान त्याचे नाव असते. नाव सांगणारा ठामपणे सांगतो, 'घोणस होता'. प्रश्न असा, की या नावावर डॉक्टरांनी किती भरवसा ठेवावा?

मराठीत घोणस म्हटला की कुकरच्या शिटीसारखा फुत्कार टाकणारा, अंगावर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा असलेला जहाल विषारी साप डोळ्यांसमोर येतो. पण 'डुरक्या घोणस' नावाचाही एक साप आपल्याकडे आहे. तोही जाड, आखूड आणि ठिपकेवाला. मात्र तो पूर्ण बिनविषारी, मांडुळाचा भाऊबंद. नावात घोणस असला तरी घोणसाशी त्याचे नाते तसे लांबचेच. उलट बाजूने पाहिले तर मण्यार आणि नाग यांच्या नावात, रंगात, सवयीत काहीच सारखे नाही; तरी ते एकाच कुळातले आहेत. मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या मात्र त्या कुळातला नाही आणि तो चावला तर टिंक्चर लावून घरी जाता येते.

गावातली नावे टाकाऊ आहेत असा याचा अर्थ नाही. ती ठेवणाऱ्यांनी साप पिढ्यान्‌पिढ्या जवळून पाहिलेले असतात. अडचण एवढीच, की या नावांत नाते सांगायची सोय नाही. आणि सर्पदंशात नेमके नातेच कळावे लागते. कोणते विष कोणत्या अवयवावर जाईल, कोणते औषध लागू पडेल आणि कोणते पडणार नाही, हे पुष्कळसे सापाच्या नात्यागोत्यावर ठरते. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. इतकी माणसे जिथे मरतात तिथे वर्गीकरण हा केवळ शाळेतल्या पुस्तकाचा धडा राहत नाही.

हा धडा शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सात पायऱ्यांची उतरंड. नागाला या पायऱ्यांवरून उतरवून पाहू. सृष्टी प्राण्यांची. संघ समपृष्ठरज्जू प्राण्यांचा. आयुष्याच्या कोणत्या तरी टप्प्यावर पाठीच्या बाजूने आधाराचा एक दोर असणाऱ्यांचा. इथपर्यंत नाग आणि त्याला दूध पाजू पाहणारा माणूस एकत्रच असतात. पुढच्या पायरीवर वाटा फुटतात. माणूस सस्तन वर्गात जातो, नाग सरीसृपांत. त्याचा गण स्क्वामाटा, म्हणजे खवलेवाल्यांचा. साप, सरडे, घोरपडी आणि भिंतीवरची पाल हे सगळे याच गणातले. (घोरपड सोडली तर यातल्या सरड्या-पालींना आपल्याकडे कुणी आदराने वागवत नाही, आणि पाल पडलेले अन्न विषारी होते ही समजूत तर अजून टिकून आहे. आपल्या घरातल्या पालीला विष नसते.) नागाचे कुल इलॅपिडी, प्रजाती नाजा आणि जाती नाजा नाजा.

इथे मराठी वाचकाची एक खास पंचाईत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'प्रजाती' हा मोठा गट आणि 'जाती' हा त्यातला लहान गट. हिंदीत मात्र सर्वांत लहान गटालाच 'प्रजाति' म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर हिंदीची ही सवय इतकी शिरली आहे, की 'पक्ष्याची नवी प्रजाती सापडली' अशा बातमीत बहुधा नवी जातीच सापडलेली असते. माणसांच्या संदर्भात 'जात' हा शब्द आपल्याकडे जड झाला आहे, म्हणूनही तो टाळला जात असेल. पण प्राण्यांच्या बाबतीत तो वापरायला संकोच करू नये. या लेखात तो शाळेतल्याच अर्थाने वापरला आहे.

ही उतरंड ज्याच्या नावाने ओळखली जाते तो कार्ल लिनियस (1707 ते 1778) हा स्वीडनचा माणूस व्यवसायाने डॉक्टर होता, हे बहुतेकांना माहीत नसते. 1735 मध्ये त्याने हॉलंडमध्ये वैद्यकाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता आड येणारा ताप, म्हणजे आजचा हिवताप. पिण्याच्या पाण्यातले चिकणमातीचे कण रक्तात जाऊन हा ताप येतो, असे त्याने मांडले. ते साफ चुकीचे निघाले. पुढे त्याने स्टॉकहोममध्ये दवाखाना चालवला, आरमाराच्या खलाशांवर उपचार केले आणि उप्साला विद्यापीठात तो वैद्यकाचा प्राध्यापक झाला. ज्या वर्षी प्रबंध लिहिला, त्याच वर्षी त्याच्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. मोठ्या आकाराची जेमतेम डझनभर पाने. पुढच्या आवृत्त्या फुगत गेल्या. वनस्पतींच्या नावांसाठी त्याचा 1753 चा ग्रंथ आणि प्राण्यांच्या नावांसाठी 'सिस्टेमा'ची 1758 ची दहावी आवृत्ती हा आरंभबिंदू मानतात. त्याआधीची नावे अधिकृत धरली जात नाहीत.

लिनियसच्या मूळ उतरंडीत पायऱ्या पाचच होत्या. सृष्टी, वर्ग, गण, प्रजाती आणि जाती. कुल आणि संघ या पायऱ्या मध्ये घातल्या गेल्या त्या नंतर. त्याची खरी करामत म्हणजे दोन शब्दांचे नाव. त्याआधी वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधले एक लांबलचक वर्णन असे. ते पाठ करणे वैद्याच्या विद्यार्थ्याला अशक्यच. लिनियसने पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, असा नियम लावला. आपल्याकडे आडनाव आधी लिहून मग नाव लिहायची जी सरकारी पद्धत आहे, तसाच हा प्रकार.

वनस्पतींच्या बाबतीत त्याने आपल्या बाजूची बरीच सामग्री वापरली. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने 1678 ते 1693 या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ काढला होता. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांची देवनागरी लिपीतली कोकणी साक्ष त्या ग्रंथात छापलेली आहे. लिनियसने या ग्रंथाचा आधार वारंवार घेतला. म्हणजे युरोपात रुजलेल्या या नावांच्या मुळाशी गोवा-कोचीनच्या वैद्यांची ओळखपाळख आहे.

नागाला 1758 मध्ये लिनियसनेच नाव दिले: कोल्युबर नाजा. 'नाजा' म्हणजे आपल्या 'नाग' शब्दाचाच लॅटिन अवतार. पण कोल्युबर या प्रजातीत त्याने जवळपास सगळेच सर्वसाधारण साप कोंबले होते. 1768 मध्ये व्हिएन्नाच्या लॉरेन्टी याने नागाला वेगळी प्रजाती दिली आणि आजचे नाव झाले नाजा नाजा, म्हणजे 'नाग नाग'. प्राण्यांच्या नावात असा दुहेरी शब्द चालतो, वनस्पतींच्या नावात चालत नाही. मण्यारीची प्रजाती बंगारस. हा शब्द तेलुगूतल्या 'बंगारू'वरून, म्हणजे सोन्यावरून आला आहे. विशाखापट्टणमला कंपनीच्या नोकरीत असलेला डॉक्टर पॅट्रिक रसेल याने पिवळ्या पट्ट्यांच्या मण्यारीचे तिथले नाव नोंदवून ठेवले होते. त्याचा भारतीय सापांवरचा ग्रंथ 1796 मध्ये निघाला आणि घोणसाला त्याचेच नाव मिळाले. घोणसाच्या प्रजातीचे 'डॅबोया' हे नाव मात्र हिंदीतून गेलेले. त्याचा अर्थ दबून, लपून बसणारा.

आता ही उतरंड रुग्णाच्या खाटेपाशी आणू.

बहुतेक वेळा साप कुणी नीट पाहिलेला नसतो. रात्र असते, गवत असते, घबराट असते. अशा वेळी डॉक्टर जातीचा शोध घेत बसत नाहीत. ते कुल ओळखतात. पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळताना त्रास होऊ लागला, शब्द अडखळू लागले, मान टेकेना, की विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर बसले आहे असे समजायचे. हे इलॅपिडी कुळाचे लक्षण, म्हणजे नाग किंवा मण्यार. उलट दंशाची जागा झपाट्याने सुजली, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागले, तर तो व्हायपेरिडी कुळाचा म्हणजे घोणस किंवा फुरशाचा हात. हे कुल ओळखायची चाचणी इतकी साधी आहे, की ती कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, नळी वीस मिनिटे अजिबात हलवायची नाही आणि मग तिरपी करून पाहायची. रक्त गोठले नसेल, पाण्यासारखे वाहत असेल, तर व्हायपेरिडीचे विष अंगात काम करते आहे. नळी प्लॅस्टिकची घेतली किंवा साबणाने धुतलेली घेतली की उत्तर चुकते. एवढी एक गोष्ट सांभाळली तर लाखो रुपयांच्या यंत्राची गरज नाही.

कुळाची रेघ अगदी पक्की आहे असेही नाही. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात घोणसाच्या दंशानंतरही पापण्या मिटलेल्या आढळतात. कोकणच्या मच्छीमारांना जाळ्यात सापडणारे समुद्रसाप आज इलॅपिडी कुळातच धरले जातात. पूर्वी त्यांचे स्वतंत्र कुल मानत. पण त्यांतल्या अनेकांचे विष मुख्यतः स्नायूंचा नाश करते, लघवी काळपट होते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आणि आपल्या सरकारी दवाखान्यात असलेले प्रतिविष समुद्रसापांसाठी बनवलेलेच नाही.

कुल कळल्यावर पुढची पायरी प्रजातीची. नाग आणि मण्यार एका कुळाचे असले, तरी त्यांचे विष एकाच दाराशी दोन वेगळ्या बाजूंनी उभे राहते. नागाचे विष स्नायूच्या बाजूने, म्हणजे मज्जातंतूचा निरोप घेणाऱ्या खुर्चीवर जाऊन बसते. निरोप नेणारे रसायन वाढवले, तर त्या खुर्चीसाठी चढाओढ होऊ शकते. म्हणून निओस्टिग्मिन हे इंजेक्शन, सोबत ॲट्रोपिन, नागाच्या दंशात पुष्कळदा उपयोगी पडते. मिटलेले डोळे उघडतात. मण्यारीच्या विषाचा मोठा भाग मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतो. निरोप पाठवणारेच टोक निकामी झाले, तर निओस्टिग्मिनने फारसे साधत नाही. त्या टोकाला पुन्हा फुटवा येईपर्यंत कृत्रिम श्वासावर थांबावे लागते. कधी काही दिवस, कधी त्याहूनही अधिक. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, त्याचे दात बारीक असतात, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलट्या होतात आणि घरचे आधी पित्ताचे औषध देतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या तरुण माणसाला पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या जड, असे चित्र दिसले तर साप कुणी पाहिलेला नसतानाही मण्यारीचा विचार करावा, असे डॉक्टरांना शिकवले जाते. जमिनीवर झोपावेच लागले तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपण्यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही.

त्याही खालची पायरी जातीची. प्रतिविष, ज्याला खेड्यात सापाची लस म्हणतात, ते याच पायरीवर बनते. घोड्यांना विषाचे अगदी थोडे थोडे, वाढते डोस देतात. त्यांच्या रक्तात विषाला अडवणारी प्रथिने तयार होतात. ती वेगळी काढून कुपीत भरतात. सगळ्या सापांना एकच प्रतिविष चालेल, अशी समजूत सुरुवातीला होती. फ्रान्सच्या आल्बेर काल्मेट याने 1890 च्या दशकात नागाच्या विषावरचे सीरम बनवले आणि ते इतर सापांवरही चालते असे सांगितले. हे खोडून काढणाऱ्यांत मुंबईचा मोठा वाटा आहे. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत (हीच पुढे 1925 मध्ये हाफकिन संस्था झाली) कॅप्टन जॉर्ज लॅम्ब या लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की नागाच्या विषावरचे सीरम घोणसाच्या विषाला अडवत नाही आणि घोणसाचे नागाच्या विषाला अडवत नाही. म्हणून आज भारतात मिळणारे प्रतिविष चार जातींची विषे मिळून केलेले असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. प्रमाणही ठरलेले आहे. एक मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणसाचे प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचे प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निकामी व्हावे, अशी अपेक्षा असते. विष बहुतांशी तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते.

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. विषारी त्यांतल्या थोड्या, पण चारांहून नक्कीच जास्त. 'चार मोठे' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे, की विषारी साप चारच आहेत असे कधी कधी शिकलेल्या माणसांनाही वाटते.

फुरशाचेच पाहा. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे आणि लाखांच्या घरात फुरशी मारली गेली. तरी फुरसे संपले नाही. कोकणातले फुरसे वीतभर-हातभर लांबीचे. राजस्थानच्या वाळवंटातले त्याहून बरेच मोठे. दोघांचीही जाती एकच, एकिस कॅरिनॅटस. पण राजस्थानचे फुरसे उपजाती म्हणून वेगळे धरले जाते, तिचे नाव सोचुरेकी. प्रतिविषासाठी विष घेतले जाते दक्षिणेकडच्या फुरशांचे. राजस्थानातल्या डॉक्टरांना दिसू लागले, की कुप्यांमागून कुप्या देऊनही काही रुग्णांचे रक्त गोठत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या उपजातीसह अनेक दुर्लक्षित सापांच्या विषावर बाजारातली प्रतिविषे अपुरी पडतात, असे दिसले. उपजाती ही पायरी शाळेच्या पुस्तकात येतसुद्धा नाही. जोधपूरच्या अतिदक्षता विभागात मात्र तिच्यावर माणसाचे जगणे अडू शकते.

केरळात आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात एक चापडा आढळतो, नाकाचे टोक वर उचललेला. तो व्हायपेरिडी कुळातलाच, पण उपकुल वेगळे, प्रजातीही वेगळी. दिसायला लहान आणि तपकिरी, म्हणून रुग्णालयांत तो फुरसे म्हणून नोंदला जात असे आणि चार सापांचे प्रतिविष दिले जात असे. त्याचा उपयोग होत नव्हता. रक्त न गोठणे आणि मूत्रपिंडे निकामी होणे चालूच राही. केरळातल्या डॉक्टरांनी मेलेले साप जपून ठेवले, जाणकारांकडून ओळख पटवली, तेव्हा 2007 मध्ये हे उघड झाले. आपल्या राज्यातलेही एक उदाहरण आहे. 2012 मध्ये महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी अतिशय गंभीर अशा मण्यार-दंशाची नोंद प्रसिद्ध केली. साप नेहमीच्या मण्यारीसारखाच काळा आणि पांढऱ्या आडव्या रेघांचा. पण नेहमीच्या मण्यारीच्या पाठीवर मध्यभागी खवल्यांच्या 15 रांगा असतात आणि सिंध प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मण्यारीच्या 17. खवले मोजल्यावर संशय या दुसऱ्या जातीकडे गेला. दोन रांगांचा फरक.

जात तीच असली, तरी विष ठिकाणाप्रमाणे बदलते, हेही आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. पंजाबातला घोणस आणि तामिळनाडूतला घोणस यांच्या विषाची घडण एकसारखी नसते. म्हणून प्रादेशिक प्रतिविषे बनवावीत अशी मागणी होते आहे. ती रास्त आहे. मात्र तोवर आहे ते प्रतिविष वेळेवर मिळणे हेच अधिक जीव वाचवते, हे विसरू नये. मांत्रिकाकडे गेलेला एक तास हा कोणत्याही उपजातीपेक्षा मोठा शत्रू आहे.

नावे बदलतात, याचाही वैद्यकाला त्रास होतो. कोकणातला लाल विंचू घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम जगभर गेले. त्या काळच्या शोधनिबंधांत हा विंचू ब्युथस टॅम्युलस म्हणून येतो, नंतर मेसोब्युथस टॅम्युलस म्हणून आणि आता हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणून. विंचू तोच, विष तेच. फक्त त्याचे नाते नव्याने तपासले गेले आणि प्रजाती बदलली. दुसरा शब्द टिकला. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला हे तीन वेगळे विंचू वाटतील आणि जुने निबंध त्याच्या हाती लागणारच नाहीत. आशियातले सगळे नाग 1990 च्या आधी एकाच जातीत, नाजा नाजामध्ये, उपजाती म्हणून धरत. नंतर त्यांच्या अनेक स्वतंत्र जाती झाल्या. बंगाल-आसामकडचा, फण्यावर एकच गोल असलेला नाग आता नाजा कौथिया. जुन्या कागदात 'नाजा नाजा' लिहिलेले दिसले, तर तो नेमका कुठला नाग होता, हे आधी विचारावे लागते.

वनस्पतींकडे वळले तर घोळ कमी होत नाही, वाढतोच. महाराष्ट्रात ज्या वाटोळ्या पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणतात ती सेन्टेला, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरीकडे ब्राह्मी म्हणून जी विकतात ती बॅकोपा, निराळ्याच कुळातली. इथे फारसे बिघडत नाही. पण 1990 च्या सुमारास बेल्जियममध्ये बिघडले. वजन उतरवण्याच्या एका केंद्रात चिनी वनस्पतींची कॅप्सूल देत. त्यात स्टेफानिया ही वनस्पती असायला हवी होती; तिचे चिनी नाव हान फांग-ची. तिच्या जागी आली ग्वांग फांग-ची, म्हणजे ॲरिस्टोलोकिया. चिनी नावात एका शब्दाचा फरक, पण कुळेच वेगळी. शंभराहून अधिक रुग्णांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे खराब झाली; पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. स्टेफानियाचे कुल कोणते, तर आपल्या गुळवेलीचे.

आणि गुळवेलीवरच कोरोनाच्या काळात वाद झाला. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; गुळवेलीचा काढा घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले, की रुग्णांनी घेतलेली वेल तपासलेली नाही. ती गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्याच प्रजातीतली टिनोस्पोरा क्रिस्पा, हे आधी ठरवायला हवे होते. गुळवेल यकृताला त्रास देऊ शकते, हे म्हणणे पुढे इतर शहरांतल्या रुग्णांवरूनही मांडले गेले, त्यामुळे सगळा दोष दुसऱ्या जातीवर ढकलून मोकळे होता येणार नाही. तरी मंत्रालयाचा एक मुद्दा वजनदार होता: ज्या वनस्पतीने इजा झाली असा संशय आहे, तिचा पानासकट तुकडा ठेवलेला असला पाहिजे. कावीळ होऊन आलेल्या रुग्णाने कुंपणावरची कोणती वेल उकळून प्यायली, ते पान घेऊन यावे. साप मात्र मारून किंवा पकडून आणू नये. मेलेल्या सापाचे डोकेही काही वेळ चावू शकते. दुरून मोबाईलवर फोटो मिळाला तर तेवढा पुरे, न मिळाला तरी उपचार लक्षणांवरून होतात.

या पायऱ्या निसर्गात खरोखर आहेत का, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांत जुनाच आहे. जातीला काही तरी आधार आहे. आपसांत प्रजनन करणारे, वेगळे वंशवृक्ष असणारे गट दाखवता येतात. त्यावरच्या पायऱ्या बऱ्याचशा माणसाच्या सोयीच्या. भुंग्यांचे एक कुल आणि पक्ष्यांचे एक कुल यांत कसलीही बरोबरी नाही. सरीसृप वर्ग तर वंशवृक्षावर नीट बसतच नाही, कारण मगरीचे जवळचे नाते पालीशी नसून पक्ष्यांशी आहे. प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियमसुद्धा कुळापाशीच थांबतात. गण, वर्ग, संघ यांच्या नावांवर त्यांचा अंमल नाही. लिनियसने आजारांचीही अशीच उतरंड लावून पाहिली होती. 1763 मध्ये त्याने सगळे रोग अकरा वर्गांत बसवले. ती उतरंड आज कुणाला आठवत नाही, कारण त्याने रोग लक्षणांवरून लावले आणि लक्षणांवरून नाते कळत नाही. तापाला ताप जोडला, तरी हिवताप आणि विषमज्वर भाऊ होत नाहीत. डुरक्या घोणसाचे जे झाले तेच.

नागराज, म्हणजे किंग कोब्रा, नागाच्या प्रजातीतला नाहीच. त्याची प्रजाती ओफिओफॅगस, 'साप खाणारा'. जवळपास दोनशे वर्षे या प्रजातीत एकच जाती मानली जात होती. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या गटाने तिच्या चार जाती केल्या. गोव्यापासून खाली पश्चिम घाटात आढळणाऱ्या नागराजाला कन्नड नावावरून ओफिओफॅगस कालिंगा हे नाव मिळाले. आपल्या प्रतिविषात नागराजाचे विष नसते. त्याच्यासाठीचे वेगळे प्रतिविष थायलंडमधली रेडक्रॉसची संस्था बनवते, तिथल्या सापांच्या विषापासून. आता ते साप आणि कालिंग या वेगळ्या जाती ठरल्या आहेत. थायलंडची कुपी घाटातल्या सापावर किती चालेल, हे कालिंगाचे विष घेऊन नव्याने पाहावे लागेल.